इरेन श्वाइत्सर ऐकायला सुरुवात कुठून करायची? तिच्या ड्रमर्सपासून!

युरोपातला फ्री जॅझ ऐकायचाय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बरेच भेटतात, आणि त्यांना बहुतेक वेळा जे उत्तर मिळतं ते मला अजिबात पटत नाही. लोक सांगतात की सगळ्यात जहाल रेकॉर्ड आहे ती लाव, टिकलास तर टिकलास. का पण? संगीत ऐकायला शिकणं म्हणजे काही सहनशक्तीची परीक्षा नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: स्वित्झर्लंडची पियानोवादक आणि कंपोजर इरेन श्वाइत्सर ऐका, आणि तिला ऐकताना सुरुवातीला कान पियानोवर नको, तिच्या शेजारी बसलेल्या ड्रमरवर ठेवा.

हे मी उगाच वेगळं काहीतरी सांगायचं म्हणून सांगत नाहीये. इरेनचा जन्म २ जून १९४१ चा, गेली १६ जुलै २०२४ ला, म्हणजे ८३ वर्षांचं आयुष्य आणि त्यातली साठेक वर्षं संगीतात, आणि या सगळ्या काळात ती कुठल्या टप्प्यावर काय वाजवत होती हे तिच्या बाजूला कुठला ड्रमर बसलाय यावरून जवळजवळ अचूक सांगता येतं. दुसरं म्हणजे आपण तबला, ढोलकी, पखवाज ऐकत वाढलेली माणसं आहोत, लयीचा कान आपल्याला आधीच आहे, युरोपियन हार्मनीचा कान बऱ्याच जणांना नसतो. मग जे आहे त्याच्या जोरावर आत शिरायचं ना!

आधी फ्री जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. नेहमीच्या जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली कॉर्ड्सची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, एक ठरलेली साखळी असते, ती साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर एकेक जण आपलं इम्प्रोव्हायझेशन करतो, म्हणजे त्या क्षणी सुचेल ते वाजवतो, बास आणि ड्रम्स टाइम धरून ठेवतात. १९६० च्या आसपास अमेरिकेत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन, पियानोवादक सेसिल टेलर वगैरे मंडळींनी यातली एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली आणि युरोपातल्या तरुणांनी पुढच्या काही वर्षांत ते आपल्या पद्धतीने आणखी पुढे नेलं. कॉर्ड्स ठरलेल्या नाहीत, मात्रा ठरलेल्या नाहीत, कोण पुढे आणि कोण साथीला हेही ठरलेलं नाही. त्यामुळे आपला कान जे शोधतो, म्हणजे सम कुठंय, मुखडा कुठंय, ते सापडतच नाही आणि दहा मिनिटांत माणूस वैतागतो. त्यावर उपाय एकच, शोधायची गोष्ट बदलायची. कोण कोणाचं ऐकतंय, कोण कोणाला जागा देतंय, आवाजाची गर्दी कुठे वाढते आणि कुठे विरळ होते, कोणी एखादी गोष्ट सुचवली की दुसरा ती घेतो की मुद्दाम सोडून देतो, आणि सगळे मिळून थांबायचं कसं ठरवतात. हे शोधायला लागलात की तास कसा जातो कळत नाही, खरंच.

आता ती कुठून आली तेही माहीत असू द्या, कारण तिच्या हातातला नाच तिथूनच आलाय. ऱ्हाइन नदीवरचं शाफहाउजन हे तिचं गाव, ऱ्हाइनचा मोठा धबधबा आहे ना, त्याच्याजवळचं. आईवडिलांचं तिथे खाणावळवजा हॉटेल होतं आणि त्याला एक हॉल जोडलेला, तिथे लग्नकार्यं व्हायची, नाचाचे कार्यक्रम व्हायचे, बँड यायचे, आणि ही लहान पोरगी ते सगळं ऐकत मोठी झाली. आठव्या वर्षी अ‍ॅकॉर्डियन, त्यावर लोकगीतं, मग बाराव्या वर्षाच्या सुमारास पियानो आणि त्याच्या जोडीला ड्रम्स. ड्रम्स! हे विसरू नका. ती स्वतः ड्रम्स वाजवायची आणि पुढे तिची पियानोवरची बोटं, तळहात, कोपर, सगळं कसं पडतं ते बघितलं की लक्षात येतं की या बाईच्या डोक्यात ८८ पट्ट्यांचा एक मोठा ड्रमसेटच आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती काही काळ इंग्लंडमध्ये होती, मग झ्युरिक. पोटापाण्यासाठी सेक्रेटरीची नोकरी, टायपिंग वगैरे, आणि संध्याकाळी जॅझ. झ्युरिकमध्ये तेव्हा आफ्रिकाना नावाचा कॅफे होता आणि तिथे दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडलेले वादक वाजवायचे. डॉलर ब्रँड, ज्याला आपण आज अब्दुल्ला इब्राहिम म्हणून ओळखतो, तो तिथे होता, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टनने त्याला ऐकलं ते झ्युरिकमध्येच. मग १९६४ मध्ये ब्लू नोट्स नावाचा बँड फ्रान्समधल्या अँटिब फेस्टिव्हलच्या निमित्ताने देशाबाहेर पडला आणि तोही झ्युरिकला आला: क्रिस मॅकग्रेगर पियानोवर, डुडू पुक्वाना सॅक्सोफोन, मोंगेझी फेझा ट्रम्पेट, जॉनी डायानी बास आणि ड्रम्सवर लुई मोहोलो. गोरा पियानोवादक आणि बाकी काळे, असा मिश्र बँड, वर्णभेदाच्या कायद्यांखाली त्यांना स्वतःच्या देशात एकत्र वाजवणंच मुश्किल झालं होतं. इरेन त्यांना जवळून ऐकत होती. तिच्या डाव्या हातात ती जी गोल फिरणारी, चर्चच्या गाण्यासारखी गरम हार्मनी आणि तिच्याखाली चालणारा नाच ऐकू येतो, तो तिने कितीही फ्री वाजवलं तरी शेवटपर्यंत गेला नाही, आणि त्याचं मूळ या संध्याकाळींमध्ये आहे असं माझं ठाम मत आहे.

चला, आता प्रत्यक्ष ऐकायला. पहिली रेकॉर्ड: इरेन श्वाइत्सर आणि लुई मोहोलो यांची जोडी, १९८६ ची. फक्त पियानो आणि ड्रम्स, तिसरं कोणी नाही. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगातच होते, मोहोलो युरोपात निर्वासितासारखं आयुष्य काढत होता आणि इरेन झ्युरिकमध्ये वर्णभेदविरोधी चळवळीत उघडपणे होती, त्यामुळे या वाजवण्यात जो जीव ओतलाय तो नुसता संगीताचा नाहीये.

कसं ऐकायचं तर असं. एकच ट्रॅक निवडा, अख्खी रेकॉर्ड एका बैठकीत संपवायच्या मागे लागू नका. हेडफोन चांगले असतील तर हेडफोन, नाहीतर दोन स्पीकर, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको कारण बास ड्रम आणि पियानोच्या खालच्या पट्ट्या दोन्ही गायब होतात आणि मग उरतो तो नुसता खणखणाट. आवाज जरा मोठा ठेवा. लोकलमध्ये, गाडी चालवताना, स्वयंपाक करताना नको, या संगीताला बॅकग्राउंडला लावलं की ते फक्त त्रास देतं, समोर बसून ऐकलं की बोलायला लागतं. पहिल्यांदा लावताना फक्त मोहोलोचा स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो करकरीत आवाजाचा छोटा ड्रम, ऐका, तो काठ्यांनी सतत जी बारीक रोलची चादर विणत असतो ती. कुठे घट्ट होते, कुठे सैल होते, कधी एकदम तोडतो. पियानो काय करतोय तिकडे लक्ष गेलं तर जाऊ द्या पण परत ड्रम्सवर या. मग तोच ट्रॅक पुन्हा लावा आणि आता फक्त इरेनचा डावा हात ऐका. बहुतेक पियानोवादकांचा डावा हात उजव्याची साथ करतो, हिचा करत नाही, हिचा डावा हात ड्रमरशी बोलत असतो आणि उजवा हात त्या दोघांवर धावत असतो. तिसऱ्यांदा काहीच न ठरवता ऐका. तेव्हा पहिल्यांदा जो गोंधळ वाटला होता त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी सुट्या सुट्या ऐकू येतील, आणि मग तुम्हाला माझी गरज नाही.

ही पायरी पक्की झाली की तिच्या ड्रमर-जोड्यांची पूर्ण मालिकाच समोर आहे आणि माझ्या मते तिच्या करिअरचा हाच कणा. मोहोलोनंतर गुंटर ‘बेबी’ झोमर, मग अँड्र्यू सिरिल, मग पिएर फाव्र, मग हान बेनिंक. १९८६ ते १९९५ या काळातली पाच रेकॉर्डिंग्ज, पाचही जण साधारण तिच्याच वयाचे, चार वर्षं इकडे नाहीतर तिकडे, पण माणसं मात्र पाच दिशांची: केप टाउन, ड्रेस्डेन, ब्रुकलिन, स्वित्झर्लंड, हॉलंड. एकामागून एक ऐकलीत की एक गंमत दिसते, पियानो वाजवणारी बाई तीच, पण प्रत्येक वेळी तिचा हात वेगळा पडतो. सिरिल हा सेसिल टेलरबरोबर दहाएक वर्षं वाजवलेला माणूस, अतिशय स्वच्छ, एकेक ठोका मोजून मापून, त्याच्यासमोर इरेन जास्त मोकळ्या जागा सोडते. झोमर पूर्व जर्मनीतला, त्याच्या ड्रम्सना मोठा घुमारा असतो, कधी कधी तो ड्रम्सवर चक्क धून वाजवतोय असं वाटतं. फाव्र म्हणजे सिम्बलचा जादूगार, बारीक, चमकदार, श्वासासारखे आवाज, त्याच्याबरोबर इरेन सगळ्यात हळुवार होते. आणि बेनिंक! बेनिंक जोरात, अचानक, मध्येच कडक स्विंग, मध्येच जे हाताला लागेल त्याच्यावर, खुर्ची असो वा जमीन, आणि त्याच्यासमोर इरेन हटत नाही, उलट आणखी पुढे सरकते. ही बेनिंकबरोबरची जोडी २०१५ मध्ये पुन्हा ‘वेलकम बॅक’ म्हणून आली, दोघंही सत्तरीच्या पुढे आणि वाजवणं ऐकून विश्वास बसत नाही. आधी १९९५ ची आणि मग ही, अशी पाठोपाठ ऐकाच.

आता मागे जा, १९६७ ला, कारण तिथे आपल्यासाठी एक खास दार आहे आणि मराठी माणसांना ते फारसं माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा इरेनचा एक ट्रिओ होता, बासवर उली ट्रेप्टे, ड्रम्सवर मानी नॉयमायर. हे दोघे लगेच पुढे गुरु गुरु नावाचा जर्मन रॉक बँड काढून मोकळे झाले, तो वेगळाच किस्सा. तर जर्मन निर्माते योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांनी या ट्रिओला आणि लंडनमधल्या तीन भारतीय कलाकारांना एकत्र आणलं: सितार आणि गायन दिवाण मोतीहार, तानपुरा कुसुम ठाकूर, आणि तबल्यावर केशव साठे. मुंबईचे साठे! पन्नाशीच्या दशकात लंडनला गेलेले, जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांमध्येही तबला त्यांचाच, पुढे इंग्लंडच्या लोकसंगीतवाल्यांबरोबर, जॉन रेनबोर्नच्या ग्रुपबरोबरही वाजवलं. शिवाय मानफ्रेड शूफ ट्रम्पेटवर आणि फ्रान्सचा बार्ने विलेन सॅक्सोफोनवर. ऑक्टोबर १९६७ मध्ये जर्मनीत फिलिंगेनच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, रेकॉर्डचं नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’, त्यावर तीनच ट्रॅक: ‘सन लव्ह’, ‘याद’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी, पुढे डोनाउएशिंगेनला ब्रेग नदीला मिळते आणि तिथून तिची डॅन्यूब होते.

ही रेकॉर्ड ऐकताना एक सूचना. बीटल्सच्या काळात सितार घालून जी गोड गोड गाणी निघायची त्यातलं हे नाही, त्यामुळे ती अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल. इथे दोन घरं शेजारी शेजारी राहतायत आणि मधल्या भिंतीला खिडकी आहे, असं समजून ऐका. कधी खिडकी उघडते, कधी बंद राहते. प्रत्येक क्षण जमलाय असं मी म्हणणार नाही, मोतीहार रागात शांत बसलेले असतात आणि पलीकडचे लोक दुसऱ्याच गर्दीत असतात असंही होतं. पण साठेंचा तबला आणि नॉयमायरचे ड्रम्स या दोघांवर कान ठेवा, आणि मग बघा त्या दोघांच्या मध्ये पियानो कुठे बसतो. २६ वर्षांची इरेन, अजून स्वतःचा आवाज शोधतेय, आणि लयीच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्थांच्या मध्ये बसून वाजवतेय. मोहोलोबरोबरची १९८६ ची रेकॉर्ड ऐकून झाल्यावर ही ऐकलीत तर तेव्हाच पुढची सगळी चाहूल लागते. म्हणूनच म्हणतो, सनावळीप्रमाणे ऐकू नका, आधी ८६ आणि मग ६७.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, तिने स्टुटगार्टला सेसिल टेलरला प्रत्यक्ष ऐकलं होतं. तेव्हा तिला वाटलं की आता आपण पियानो सोडूनच द्यावा, याच्यापुढे वाजवायचं काय उरलं. सोडला नाही हे आपलं भाग्य. लोक तिला फार सहज ‘युरोपची सेसिल टेलर’ म्हणून टाकतात, मला ते अर्धवट वाटतं. टेलरचा वेग, हाताने पट्ट्यांचे झुबके दाबणं, ते तिच्यात आहे, पण अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंकची तिरकी, अडखळणारी लय आणि ते दक्षिण आफ्रिकेचं गाणं तितकंच आहे, आणि मंकच्या रचना तर ती शेवटपर्यंत वाजवत राहिली.

मग येतो तो अवघड भाग, साधारण १९६८ ते १९७७. या भागापाशी मुद्दाम उशिरा या. १९६८-६९ मध्ये पिएर फाव्रबरोबर तिचा ग्रुप, बासवर पेटर कोवाल्ड, नंतर सॅक्सोफोनवर एव्हान पार्कर. १९६९ मध्ये शूफचा ‘युरोपियन एकोज’ हा मोठ्या ताफ्याचा प्रकल्प, ज्यात एकाच वेळी तीन पियानोवादक आहेत: अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख, फ्रेड व्हान होव्ह आणि इरेन. हीच बर्लिनच्या एफएमपी या कंपनीची पहिली रेकॉर्ड, ही कंपनी संगीतकारांनी स्वतःच उभी केलेली आणि पुढे युरोपियन फ्री जॅझच्या इतिहासाचा मोठा भाग तिच्याच लेबलवर निघाला. सुरुवात करणाऱ्याच्या हातात लोक हीच रेकॉर्ड देतात! नका हो देऊ. यात सगळे जण एकदम वाजवतायत, माहोल पेटलेला आहे, १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनांनंतरचा युरोप आहे तो, आणि ज्याला अजून एक डावा हात वेगळा ऐकू येत नाही त्याला यात भिंतच ऐकू येणार. जोड्या पचल्या की मग दहा मिनिटं लावा, तीन पियानोंमधला हिचा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करा. अवघड आहे, पण कानाला मस्त व्यायाम होतो.

सत्तरच्या दशकात सॅक्सोफोनवाला रूडिगर कार्ल हा तिचा मोठा साथीदार. कार्ल, मोहोलो आणि इरेन यांची १९७५ ची ‘मेसर’ ऐका, मोहोलो तुमच्या ओळखीचा झालेला असल्यामुळे जड जाणार नाही. त्याच्यानंतर एकटीच्या दोन रेकॉर्ड्स, ‘विल्डे सेन्योरिटास’ १९७६ च्या बर्लिनमधल्या टोटल म्युझिक मीटिंग या फेस्टिव्हलमधली आणि ‘हेक्सनझाबाट’ १९७७ ची. दोन्ही आता एकत्र मिळतात. इथे ड्रमर नाहीये, तर मग काय ऐकायचं? तर इथे ती स्वतःच ड्रमर आहे. पियानोच्या आत हात घालून तारा दाबणं, तारांवर काठ्यांनी, इतर वस्तूंनी वाजवणं, तारा खरवडणं, हे सगळं तिने कायम केलं पण करामत म्हणून नाही. डोळे मिटून ऐका आणि कुठला आवाज पट्टीचा, कुठला तारेचा, कुठला लाकडाचा ते ओळखत चला. आणि मग शक्य असेल तर तिचा कुठलाही एखादा लाइव्ह व्हिडिओ बघा, हात बघा, ताबडतोब उलगडा होतो. आवाज आधी, व्हिडिओ नंतर, हा क्रम मात्र पाळा.

आता एक गोष्ट जी गाळून तिच्याबद्दल बोलताच येणार नाही. या सगळ्या काळात स्टेजवर ती बहुतेक वेळा एकटीच बाई असायची. पोस्टर बघा, फोटो बघा, दहा-पंधरा दाढीवाले आणि ही. १९७७ मध्ये लंडनला गायिका मॅगी निकल्स आणि बसून हे लाकडी फुंकवाद्य वाजवणारी लिंडसे कूपर यांनी फेमिनिस्ट इम्प्रोव्हायझिंग ग्रुप सुरू केला, सगळ्या बायका, आणि इरेन लवकरच त्यात गेली. पुरुष सहकाऱ्यांमधल्या काहींनी नाकं मुरडली, यांना वाजवता कुठे येतं असं बोललं गेलं. त्या मात्र स्टेजवर घरकाम, विनोद, नाटक, भांडण सगळं आणत होत्या, आणि फ्री म्हणजे फक्त जोरात आणि वेगात असं जे एक पुरुषी गणित झालं होतं ते त्यांनी मोडलं. यातूनच पुढे निकल्स, फ्रान्सची बासवादक जोएल लेआंद्र आणि इरेन यांची त्रयी झाली, ‘ले दियाबोलिक’. ही ऐकायची पद्धत एकदम वेगळी. ड्रमर विसरा, इथे नाटक ऐका. निकल्स गाते, बोलते, पुटपुटते, पायांनी टॅप डान्स करते, लेआंद्र बासवर गज ओढता ओढता स्वतः ओरडते, आणि इरेन या दोघींच्या मध्ये शांत बसून नेमक्या वेळी असा एक तुकडा टाकते की सगळं जागेवर येतं. मित्रमैत्रिणींना एकत्र बसवून ऐकवायचं असेल तर मी हेच लावतो, कारण इथे लोक हसतात, आणि हसलेला माणूस पुढचं ऐकायला तयार असतो.

तिच्या करिअरमधून वादकांनी शिकावी अशी गोष्ट म्हणजे तिने नुसतं वाजवलं नाही, वाजवायच्या जागाही उभ्या केल्या. १९८४ मध्ये झ्युरिकला टाक्टलोस फेस्टिव्हल सुरू झालं त्यात ती पुढाकार घेणाऱ्यांत होती. तिथली तिची रेकॉर्डिंग्ज काढायला कुठलीच कंपनी तयार होईना म्हणून पॅट्रिक लांडोल्ट यांनी १९८६ मध्ये इंटाक्ट हे लेबल काढलं, त्याची पहिली रेकॉर्ड म्हणजे इरेनचीच ‘लाइव्ह अ‍ॅट टाक्टलोस’. एका बाईच्या टेप्स बाहेर याव्यात म्हणून सुरू झालेलं लेबल आज शेकडो रेकॉर्ड्सचं झालंय. मगाशी सांगितलेल्या पाचही ड्रमर-जोड्या याच लेबलवर आहेत. आपल्याकडे प्रयोगशील संगीत करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट बघावी असं मला फार वाटतं: फेस्टिव्हल, लेबल आणि कलाकार एकाच शहरात एकमेकांना धरून राहिले म्हणून हे तीस-चाळीस वर्षं टिकलं.

कंपोजर म्हणून तिला कुठे शोधायचं हा प्रश्न येतोच, कारण इम्प्रोव्हायझेशन करणाऱ्यांचं कंपोझिशन पटकन दिसत नाही. तिच्या रचना छोट्या असतात, एखादी लय, एखादा डाव्या हाताचा फिरता आकृतिबंध, त्याच्यावर चार सुरांची धून, आणि बाकी मोकळं रान. ‘जंगल बीट्स’ घ्या, हे तिने वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या तऱ्हेने वाजवलंय. अशा तुकड्याची जितकी रूपं मिळतील तितकी शोधा आणि पाठोपाठ लावा, काय तसंच राहतं आणि काय बदलतं ते ऐकलं की रचना म्हणजे काय आणि त्या क्षणी सुचलेलं काय हे आपोआप वेगळं होतं. याच्या उलट बाजू ऐकायची असेल तर इंग्लंडचा बासवादक आणि कंपोजर बॅरी गाय याने तिच्या पन्नाशीसाठी लिहिलेलं ‘थिओरिया’, लंडन जॅझ कंपोजर्स ऑर्केस्ट्राबरोबर, तिथे लिहिलेलं पुष्कळ आहे आणि मध्यभागी ती मोकळी.

एकटीच्या पियानोच्या पुढच्या रेकॉर्ड्स मी उलट्या क्रमाने ऐकायला सांगतो. आधी ‘टू हूम इट मे कन्सर्न’, २०११ ची, सत्तरीनिमित्त झ्युरिकच्या टोनहालमध्ये, म्हणजे जिथे एरवी सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजतो तिथे. छोटे छोटे तुकडे, स्वच्छ, कुठे मंकचा वास, कुठे केप टाउनचा, नवशिक्या कानालाही लगेच आवडेल असं. मग ‘फर्स्ट चॉइस’, ल्युसर्नच्या केकेएल हॉलमधली २००५ ची. मग २००० ची ‘शिकागो पियानो सोलो’. मग १९९० चे ‘पियानो सोलो’चे दोन भाग. असं मागे मागे जात गेलात की तुकडे लांब, खडबडीत आणि धोक्याचे होत जातात, आणि ७६ च्या बर्लिनपर्यंत पोचता तेव्हा ते परकं वाटत नाही.

मध्ये वेळ मिळाला तर मॅरिलिन क्रिस्पेलबरोबरची दोन पियानोंची ‘ओव्हरलॅपिंग हँड्स’ आणि सॅक्सोफोनवादक ओम्री झिगेलेबरोबरची ‘व्हेअर्स आफ्रिका’ ऐका, दुसरी तर रविवारी सकाळी घरच्यांसमोरही बिनधास्त लावा, त्यात आफ्रिकानातल्या त्या संध्याकाळी पुन्हा भेटतात.

शेवटचा टप्पा परत ड्रमर्स. जोई बॅरनबरोबरची ‘लाइव्ह!’ २०१७ मध्ये आली, आणि हमीद ड्रेकबरोबरची ‘सेलिब्रेशन’, ऑस्ट्रियातल्या निकल्सडॉर्फ गावच्या फेस्टिव्हलमध्ये २०१९ मध्ये वाजवलेली, २०२१ मध्ये आली. तोवर तिला २०१८ चा स्विस ग्रां प्री म्युझिक मिळाला होता, देशाचा सगळ्यात मोठा संगीत पुरस्कार. निकल्सडॉर्फमध्ये ती ७८ वर्षांची आहे, ड्रेक तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, शिकागोचा, फ्रेम ड्रमवरही हुकूमत असलेला, आणि लय इतकी हलकी की पाय थांबत नाहीत. १९८६ ची मोहोलो आणि २०१९ ची ड्रेक या दोन रेकॉर्ड्स एकाच संध्याकाळी ऐका, मध्ये चहा घ्या.

मिळवायचं कुठून? इंटाक्टच्या रेकॉर्ड्स बँडकँपवर मिळतात, एफएमपीच्या जुन्या रेकॉर्ड्सपैकीही बऱ्याच तिथे आहेत, विकत घेण्याआधी ऐकताही येतं. परवडत असेल तर एखादी तरी विकत घ्या, ही लेबलं लहान आहेत आणि आपण दिलेले पैसे खरंच त्यांच्यापर्यंत पोचतात. सीडीच्या आतलं छोटं पुस्तकही वाचण्यासारखं असतं. जवळ एक वही ठेवा, ट्रॅक ऐकून झाल्यावर एकच ओळ लिहा, आवडलं की नाही ते नको, काय घडलं ते लिहा: ‘ड्रम्स थांबले, पियानो एकटाच तीनच सुरांवर अडून राहिला, मग सिम्बल.’ महिन्याभराने तोच ट्रॅक लावून परत एक ओळ लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

यानंतर पुढे जायचं असेल तर रस्ते सरळ आहेत. वेग आणि बांधणी आवडली तर श्लिपेनबाख, एव्हान पार्कर आणि पॉल लोव्हेन्स यांची त्रयी. खोडकरपणा आवडला तर हॉलंडचा पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग, तोही बेनिंकबरोबरच. पियानोचा नुसता आवाज, घंटानादासारखा, आवडला तर बेल्जियमचा फ्रेड व्हान होव्ह. आणि दक्षिण आफ्रिकेने पकडलं असेल तर थेट ब्लू नोट्सकडे आणि क्रिस मॅकग्रेगरच्या ब्रदरहूड ऑफ ब्रेथकडे जा, तिथे मोहोलो तुमची वाट बघत बसलेलाच आहे.